डाग काढण्याचं काम

चिंचपोकळीच्या गाळ्यात, तिसऱ्या मजल्यावर,
आमच्याकडे जगभरचे डाग येतात.
ह्या आठवड्यात मेलबर्नचे :
कुठल्याशा फुटबॉल क्लबच्या कपाटातले दोनशे बारा फोटो.
बुरशी, चिरा, कसर. एकावर कपाचं वर्तुळ.
दर फोटो नव्वद रुपये, शुक्रवारपर्यंत.

हा फुटबॉल आपला नव्हे.
चेंडू लंबगोल, सोललेल्या नारळासारखा,
मैदानही लंबगोल, खांब चार, जाळी नाही,
आणि गोल झाला हे सांगायला
पांढरा डगला नि हॅट घातलेला एक माणूस,
केईएमच्या डॉक्टरसारखा गंभीर,
दोन्ही हातांचं एकेक बोट पुढे करून उभा.
नियम मला ठाऊक नाहीत.
डाग काढायला लागत नाहीत.

फाइल ४१७.
चिखल. इतका, की दोन्ही संघ एकाच रंगाचे.
एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून
वर गेला आहे.
ज्याच्या खांद्यावर, त्याला अजून कळलेलं नाही.
चेंडू बोटांपासून वीतभर.
मागे हजारभर तोंडं उघडी
आणि गाळ्यात फक्त पंख्याची कुरकुर.

आठशे टक्के मोठा करते.
नाकावरचा चिखल राहू द्यायचा, तो त्या दिवसाचा.
काचेवरची बुरशी काढायची, ती कपाटातली.
एवढाच आमच्या धंद्यातला विवेक :
घडलेलं ठेवायचं, लागलेलं पुसायचं.

माझे वडील, विश्राम धुरी, उदयतारा मंडळ, नायगाव.
त्यांची ती चढाई एक-दोन म्हातारे अजून सांगतात,
दर वेळी समोरचा एक गडी वाढवून.
कोपऱ्याने घोटा धरलेला, कमरेला दोघं लोंबतायत,
दम संपत आलेला, पोट जमिनीला,
आणि बोटाचं टोक मध्यरेषेवर.
पोयबावडीच्या लोबोने बटण दाबलं.
फ्लॅश उशिरा उडाला.

तो फोटो आहे माझ्याकडे.
धूळ. विस्कटलेली फक्कीची रेघ.
कुणाची तरी गुडघ्याची पट्टी.
कडेला अर्धा पंच, तोंडात अख्खी शिट्टी.
वडिलांना तोवर लोकांनी उचललं होतं,
चौकटीच्या वर,
आत राहिले ते नुसते दोन मळके तळवे.
आता एकच आहे.
दिवाळीची साफसफाई करताना आईने ओल्या फडक्याने
दुसरा पुसला, डाग समजून.
वडील काही बोलले नाहीत.
पाय मात्र उगाच मांडीखाली घेतला.

मेलबर्नला मेल टाकली, कामाबाहेरची :
त्याने झेलला का?
रात्री उत्तर आलं, एका ओळीत.
सुटला, म्हणूनच हा फोटो कपाटात होता.

यादीत लिहिलंय : ४१७, डाग नऊ, वरचा उजवा कोपरा, काढणे.
मोठा केला. अजून मोठा.
छपरावर चढलेला पोरगा असेल,
पक्षी असेल, कुणी उडवलेली टोपी असेल.
अजून मोठा केला तर नुसते चौकोन,
करडे, आणि त्याहून करडे.
ब्रश त्यावर नेला, परत आणला.
मुश्ताक मागून म्हणाला, ताई, डाग आहे तो.
म्हटलं, माहीत आहे.
आणि सेव्ह केलं, तसंच.
नव्वदातले दहा कापतील.

४१८.
मध्यंतर. खेळाडू फळीवर बसून चहा पितायत,
एकाच्या कपाळाला पट्टी, एक झोपलेला,
आणि बरोबर त्यांच्या मधोमध, फोटोवर,
कपाचं गोल, तपकिरी वर्तुळ.
मी मुश्ताकला विचारायला वळले.
तो खाली गेला होता, कटिंग आणायला.